शहराचा दुसरा नकाशा

दोस्तांनो, एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या बरं. पट्टी नको, खोडरबर नको, आणि फोन तर मुळीच नको. घड्याळ लावा. दहा मिनिटांत आपल्या गावाचा किंवा शहराचा नकाशा काढायचा आहे, डोळ्यांसमोर येईल तसा. चित्रकलेत तुम्हाला किती गुण मिळतात याच्याशी आज आपल्याला काही देणंघेणं नाही. रेघ वाकडी आली तर येऊ द्या.

काढलात? आता नीट बघा. शाळा कागदावर केवढी मोठी आलीये! घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता ठसठशीत आहे. कोपऱ्यावरचा भेळवाला आहे, क्रिकेटचं मैदान आहे, ज्याच्या घरी मोठा कुत्रा आहे त्या मित्राचं घर आहे. आणि जिल्हाधिकारी कार्यालय? ते बहुतेक नाहीच. शहराचा अर्धा भाग तर कागदावरून चक्क पुसलेला.

म्हणून नकाशा चुकला असं समजू नका. शहराचे दोन नकाशे असतात. एक छापील, मोजमापाचा. तो दुकानात मिळतो, फोनवर दिसतो, महापालिकेच्या भिंतीवर टांगलेला असतो. दुसरा माणसांच्या डोक्यात असतो. तुम्ही आत्ता काढलात तो दुसरा. गंमत म्हणजे हा दुसरा नकाशाही गोळा करता येतो, मोजता येतो, आणि शहर कसं वाढवायचं हे ठरवताना त्याचा उपयोगही होतो.

हे पद्धतशीर करून दाखवणाऱ्या माणसाचं नाव केविन लिंच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रसिद्ध संस्थेत ते नगररचना शिकवत. त्यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या रहिवाशांना असाच आठवणीतून नकाशा काढायला लावला. बॉस्टनमध्ये तीसेक माणसं, बाकी दोन शहरांत पंधरा-पंधरा. माणसं फार नव्हती, पण प्रत्येकाशी लांबलचक गप्पा मारल्या. घरून कामावर कसे जाता, वाटेत काय दिसतं, तेव्हा कसं वाटतं, असं सगळं विचारलं. १९६० साली त्यांचं 'द इमेज ऑफ द सिटी' हे पुस्तक आलं. बॉस्टनच्या लोकांना चार्ल्स नदी, तिचा काठ, जुनी बाग हे सगळं पटापट आठवत होतं. जर्सी सिटीच्या लोकांचे कागद मात्र पुष्कळसे रिकामे! 'इथलं लक्षात राहण्यासारखं काय?' असं विचारलं, तर पुष्कळ जण म्हणाले, नदीपलीकडे दिसणाऱ्या न्यूयॉर्कच्या उंच इमारती. म्हणजे आपल्या शहराची खूण काय, तर शेजारचं शहर! वाईट वाटतं की नाही?

लिंच यांना दिसलं की अशा नकाशांत पाच प्रकारच्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. आपण त्यांना आपली नावं देऊ या: वाटा, काठ, मोहल्ले, नाके आणि खुणा. वाट म्हणजे जिच्यावरून आपण जातो-येतो ती. काठ म्हणजे जिथे एक भाग संपतो तो, नदी, तटबंदी किंवा रेल्वेरूळ. मोहल्ला म्हणजे 'आता आपण अमक्या भागात आलो' असं आपोआप कळतं तो तुकडा. नाका म्हणजे जिथे वाटा मिळतात आणि माणसं थबकतात ती जागा. आणि खूण म्हणजे जी लांबून दिसते, जिच्यावरून पत्ता सांगतात ती. हे पाच शब्द कागदाच्या मागे लिहून ठेवा आणि चला माझ्याबरोबर छत्रपती संभाजीनगरला. तिथल्या मुलांनी तर चलाच, आपण रोज जातो त्याच रस्त्याने जाऊ.

हे शहर मी मुद्दाम निवडलंय. या शहराचं नाव इतक्या वेळा बदललं आहे की नावावरून त्याला ओळखायचं म्हटलं तर गोंधळच व्हावा. मुळात इथे खडकी नावाचं गाव होतं. १६१० च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथे राजधानी वसवली. त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या वेळी ते फतेहनगर झालं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद झालं. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. पण या चारशे वर्षांत तिथल्या माणसाला कुणी 'घर कुठे?' विचारलं, की तो शहराचं नाव सांगतच नाही. तो सांगतो, बेगमपुऱ्यात, गुलमंडीच्या मागे, पैठण गेटजवळ. शहराची ओळख या लहान नावांमध्ये जास्त घट्ट बसलेली असते.

तर आपण पैठण गेटपासूनच निघू. 'बावन्न दरवाजांचं शहर' असं या शहराला म्हणतात. मुख्य तटाला चार मोठे आणि नऊ लहान दरवाजे होते, बाकीचे पुऱ्यांचे आणि इतर ठिकाणचे, असं सांगतात. आज बावन्न शोधायला गेलात तर पाय दुखतील आणि आकडा काही भरायचा नाही. बरेचसे पडले, काही रस्ता रुंद करताना गेले. १६८२ मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तट बांधून घेतला होता, मराठी फौजांच्या धास्तीने. तो तट आता तुकड्यातुकड्यांनीच दिसतो. उभे आहेत ते दरवाजे. त्यामुळे झालंय असं की घराच्या भिंती गेल्या आणि चौकटी तेवढ्या उरल्या!

या चौकटींची एक मजा बघा. दक्षिणेच्या दरवाजातून वाट पैठणला जाते, म्हणून तो पैठण दरवाजा. उत्तरेचा दिल्ली दरवाजा. पश्चिमेचा मकाई दरवाजा, तो मक्केच्या दिशेचा. म्हणजे हे दरवाजे नुसते दरवाजे नाहीत, ही दगडाची होकायंत्रं आहेत. भूगोलाच्या पुस्तकात दिशा पाठ करण्यापेक्षा या तीन दरवाजांत उभं राहून पाहा, जन्मात विसरणार नाही.

पैठण गेटकडून टिळक पथाने आत शिरलं की गुलमंडी येते. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. फुलांचा बाजार इथे भरे, असं नावावरून सांगतात. आता कपडे, भांडी, पुस्तकं, काय नाही इथे! सुपारी हनुमानाचं देऊळ इथेच आहे. लिंच यांच्या भाषेत सांगायचं तर हा अस्सल नाका. वाटा मिळतात, माणसं थबकतात, आणि दिवाळीच्या आधल्या दिवसांत तर थबकावंच लागतं, कारण पुढे सरकायला जागाच नसते.

गुलमंडीहून मछली खडक, तिथून सिटी चौक. उजवीकडे वळलात तर सराफा आणि मग शहागंज. तिथला निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा लांबून दिसतो, ती खूण. राजाबाजारातला संस्थान गणपती ग्रामदैवत मानला जातो आणि अनंत चतुर्दशीला मिरवणुकीचा मान त्याचा पहिला. आपण मात्र सिटी चौकातून डावीकडे, जुन्या बाजाराने भडकल दरवाजाकडे जाऊ.

भडकल दरवाजा हा या शहराच्या दरवाजांतला थोरला भाऊ. मलिक अंबरने तो १६१२ मध्ये उभारला, मोगलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. हा मलिक अंबर कोण? आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे आपल्या अकलेवर दख्खनचं राज्य चालवणारा माणूस! त्याच्या दरवाजासमोर आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला इथे लोटणारी गर्दी पाहण्यासारखी असते. चारशे वर्षांपूर्वीचा दगड आणि आजची गर्दी एकाच जागेवर. आता सांगा, ही जागा कुणाची? मलिक अंबरची, बाबासाहेबांच्या अनुयायांची, का शेजारून रोज शाळेला जाणाऱ्या मुलीची? छापील नकाशावर याचं उत्तर नाही. तिथे फक्त एक छोटा चौकोन आहे.

पुढे टाउन हॉलवरून उतरत नदीकडे आलं की खाम नदी लागते. शहराच्या पश्चिमेचा हा काठ. मकाई, महमूद आणि बारापुल्ला हे तीन दरवाजे याच नदीवर आहेत आणि तिन्हींना पूल जोडलेले आहेत. म्हणजे पाहुणा आधी पुलावर, मग दरवाजात, मग शहरात. आपल्या घरी कसं, आधी पायरी, मग उंबरठा, मग ओसरी, तसं!

महमूद दरवाजाला लागून पाणचक्की आहे. इथे जरा बसू या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. सहाएक किलोमीटर लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून, इथे आणलेलं होतं. मोटर नाही, वीज नाही. उतारावरून पाणी येई, एका उंच भिंतीवर चढे आणि तिथून पडता पडता चक्कीचं चाक फिरवी. दळलेल्या पिठाची भाकरी फकिरांना आणि यात्रेकरूंना मिळे. समोर मोठा हौद आहे ना, त्याच्या खाली दालन आहे, बरं का! हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. उन्हाळ्यात त्या दालनात काय गारवा असेल, याचा विचार करा आणि मग आपल्या पत्र्याच्या छताचा करा.

पाणचक्कीच्याही आधी, १६१७ च्या सुमारास, मलिक अंबरने शहरासाठी नहर-ए-अंबरी बांधली होती. उत्तरेच्या डोंगरांकडचं जमिनीतलं पाणी बांधीव भुयारातून शहरात आणायचं, आणि ठिकठिकाणी माणूस उतरेल अशी तोंडं ठेवायची, म्हणजे गाळ काढता येतो. आज या शहराचं पाणी लांबच्या जायकवाडीतून पंपाने उपसून आणतात. वर्षानुवर्षं इथल्या घराघरांत नळाला काही-काही दिवसांच्या अंतरानेच पाणी येत आलं आहे. पाण्याच्या दिवशी कोण लवकर उठतं आणि पिंपं कोण भरतं, हे तिथल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याची गोष्ट. नहर जमिनीखाली आहे, ती दिसत नाही. ती ज्यांच्या डोक्यातल्या नकाशात होती, ती म्हातारी माणसं गेली की तो नकाशाही गेला. मग कुणी घराचा पाया खणतं, कुणी केबलसाठी चर खणतं, आणि जुना नळ फुटतो. फोडणारा दुष्ट असतो असं नाही. तिथे काही आहे हे त्याला ठाऊकच नसतं. म्हणून मला तरी वाटतं, हा दुसरा नकाशा नुसती गंमत म्हणून नको, नोंद म्हणून कागदावर यायला हवा.

मोजायचा कसा, ते आता सांगतो. समजा तुमच्या वर्गात ४० मुलं आहेत. सगळ्यांनी दहा मिनिटांत नकाशे काढले. आता गुरुजींच्या किंवा बाईंच्या मदतीने फळ्यावर यादी करायची: कुठली जागा किती कागदांवर आली? पैठण गेट ३० कागदांवर आलं, तर ३० भागिले ४०, म्हणजे ७५ टक्के. हा झाला त्या जागेचा गुणांक. ५० टक्क्यांवरच्या जागा लाल, २५ ते ५० मधल्या पिवळ्या, त्याखालच्या निळ्या. छापील नकाशाची एक प्रत घेऊन त्यावर रंग द्या. शहर चेहऱ्यासारखं उमटायला लागतं. (माझे आकडे मानायचे नाहीत हं, ते समजा म्हणून घेतलेत. तुमचे तुम्ही काढा.)

पण आठवणं वेगळं आणि आवडणं वेगळं. उघडा नालासुद्धा लक्षात राहतो! म्हणून दुसरी मोजणी. १९७८ मध्ये हॅरॉल्ड प्रोशान्स्की या मानसशास्त्रज्ञांनी असं मांडलं की 'मी कोण?' या प्रश्नाच्या उत्तरात आपण जिथे वाढलो त्या जागाही असतात. नाव, आडनाव, शाळा, तशी गल्लीसुद्धा. तेव्हापासून संशोधक लोकांना साधी वाक्यं देतात आणि १ ते ५ गुण द्यायला सांगतात. 'ही जागा मला माझी वाटते.' 'पाहुणे आले तर मी त्यांना इथे आणीन.' 'ही जागा उद्या नसली तर मला चुकल्यासारखं वाटेल.' अजिबात पटत नसेल तर १, पूर्ण पटत असेल तर ५. सरासरी काढायची, झालं. पाचवीच्या गणितात बसेल एवढंच हे शास्त्र आहे.

दोन्ही मोजण्या शेजारी ठेवल्या की नगररचनाकाराला बरंच काही कळतं. आठवण जास्त आणि आपुलकीही जास्त, तिथे हात जपून लावायचा. आठवण जास्त पण आपुलकी कमी, तिथे काहीतरी बिघडलंय: कचरा, अंधार, धावती वाहनं. आणि ज्या जागेवरून सगळे रोज जातात पण ती कुणाच्याच कागदावर येत नाही, ती? तुमच्या वर्गात खाम नदी किती जणांनी काढली, तेवढं एकदा मोजाच.

नदी आठवणीत परत येऊ शकते, हेही सांगायला हवं. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद, संस्था आणि नागरिक यांनी मिळून खामचं पात्र साफ करायला घेतलं. गाळ आणि प्लास्टिक काढलं, काठाला झाडं लावली, बसायला जागा केल्या. २०२४ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम पाच प्रकल्पांत हे काम होतं. नदी पूर्ण शुद्ध झाली असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण जिथे नाक दाबून जायचं तिथे लोक मुलांना घेऊन बसायला लागले, म्हणजे दुसऱ्या नकाशात ती रेघ पुन्हा उमटू लागली.

आता बेगमपुऱ्याकडे चला. वाटेत एक नावांचं कोडं. पदमपुरा, कर्णपुरा, भावसिंगपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा ही नावं मराठी मुलखात कशी आली? मोगलांबरोबर आलेल्या राजपूत सरदारांच्या छावण्या इथे पडत, त्यांची ही नावं. कर्णपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाचा. आज तिथे नवरात्रात देवीची केवढी यात्रा भरते! सरदार गेले, छावण्या गेल्या, नावं राहिली. एखाद्या पुऱ्याचं नाव म्हणजे न खणता सापडलेलं नाणंच.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या शहराचं झालं. सिडकोचं काय? बरोबर. १९७० च्या दशकात सिडकोने इथे नवं शहर आखलं आणि भागांना आकडे दिले: एन-२, एन-६, एन-७... आकड्यावर कुणाचा जीव जडत नाही असं वाटेल. पण माणसं कसली ऐकतात! त्यांनी आपल्या खुणा आपण शोधल्या. टीव्ही सेंटर, बजरंग चौक, कॅनॉट. जालना रोडवर बघा: मोंढा नाका, दूध डेअरी, आकाशवाणी, सेव्हन हिल. पाटीवर महावीर चौक लिहिलंय आणि रिक्षावाला 'बाबा पंप' म्हणतो. क्रांती चौकाला जुनी माणसं काळा चबुतरा म्हणत. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना तिथे देहदंड दिला गेला होता. एकाच चौकाची दोन नावं आणि दोन्हींत तीच आठवण.

मकबरा तर तुम्ही पाहिला असेलच. १६६० च्या सुमारास पूर्ण झालेली, दिलरास बानू हिच्यासाठी बांधलेली ही कबर. सगळी पुस्तकं तिच्याबद्दल भरभरून लिहितात, म्हणून मी थोडक्यात आवरतो. त्यापेक्षा थोडं पुढे, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी या. हे दार बावन्नांत नाही. तट, तोफा, बादशहा यांच्याशी त्याचा संबंध नाही. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून वर्षानुवर्षं आंदोलन झालं, माणसांनी जीव गमावले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. दर वर्षी त्या तारखेला दूरदूरच्या गावांतून माणसं या दारापाशी येतात, डोकं टेकवतात, लेकराला उचलून दाखवतात. त्यांच्या नकाशात शहरातला सगळ्यात मोठा दरवाजा हाच आहे. जागेची ओळख नुसत्या वयावर ठरत नाही ती अशी.

म्हणून सगळ्यांचे नकाशे सारखे येणार नाहीत. बेगमपुऱ्यातल्या मुलाच्या कागदावर मकबरा अंगणासारखा येईल, मुकुंदवाडीतल्या मुलीच्या कागदावर कदाचित येणारही नाही. एकाच्या कागदावर संस्थान गणपती, दुसऱ्याच्या कागदावर शहागंजची मशीद, आणि गुलमंडी दोघांच्याही. जिथे वेगवेगळे कागद एकमेकांवर पडतात, त्याला लिंच शहराची सार्वजनिक प्रतिमा म्हणत. भांडणं कमी व्हावीत असं वाटत असेल, तर हे एकमेकांवर पडणारे भाग आधी सांभाळायला हवेत, असं माझं मत.

मुलींचे नकाशेही वेगळे बघा. रॉजर हार्ट या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका लहान गावात मुलांच्या मागे मागे फिरून अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. मुलग्यांना लांबवर जायला परवानगी होती, मुलींना कमी, म्हणून मुलींचा ओळखीचा मुलूख आकाराने लहान. तुमच्या वर्गात तसं आहे का? एखाद्या मुलीची वाट पुलाखालच्या अंधाऱ्या जागेपाशी थांबत असेल, तर ती तिची चित्रकला कच्ची म्हणून नव्हे. तिथे दिवा नाही म्हणून. आईबाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठीही आहे.

मुलांचं कोण ऐकतं, असं वाटतंय ना? १९७० च्या दशकात युनेस्कोने लिंच यांच्याबरोबर एक प्रकल्पच केला. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि पोलंडमधल्या मुलांना त्यांच्या वस्तीचे नकाशे काढायला सांगितले. अर्जेंटिनात साल्ता शहरातल्या लास रोसास या साध्या, फारसे पैसे नसलेल्या वसाहतीतली मुलं आपल्या वस्तीवर खूश होती. मेलबर्नच्या उपनगरातली, ज्यांच्याकडे जास्त सोयी होत्या ती मुलं मात्र म्हणत होती, कंटाळा येतो, करायला काही नाही. १९९० च्या दशकात तो प्रकल्प पुन्हा झाला, तेव्हा आपल्या बंगळुरूची सत्यनगर ही वस्तीही त्यात होती. पाण्याची टंचाई, कचरा, सगळं होतं. तरी मुलांना मित्र भरपूर आणि गल्ली आपली वाटणारी.

आपल्याकडे तर कायद्यातच एक खिडकी उघडी आहे. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा आहे. त्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो: कुठला रस्ता किती रुंद, कुठे शाळा, कुठे बाग. प्रारूप आराखडा जाहीर झाला की ठरावीक मुदतीत कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. आराखड्याच्या रंगांत घरांना रंग आहे, उद्योगांना आहे, बागांना आहे. जुन्या आठवणींना मात्र, सरकारी यादीत आलेल्या वारसा वास्तू सोडल्या, तर रंग नाही. तुमच्या वर्गाने केलेला लाल-पिवळा-निळा नकाशा सूचनेला जोडून, मोठ्यांच्या सहीने पाठवता येतो. 'दरवाजा वाचवा' असं नुसतं लिहिण्यापेक्षा 'आमच्यापैकी इतक्या मुलांनी तो न विचारता काढला' हे लिहिलं, तर वाचणाऱ्याला दोन मिनिटं थांबावं लागेल.

आता शेवटचं काम घरचं आहे. आजी-आजोबांना असाच कोरा कागद द्या. त्यांना म्हणा, तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हाचं गाव काढा. 'मला कुठे येतं चित्र!' असं त्या म्हणतील. पेन्सिल हातात ठेवूनच टाका. मधे बोलू नका. कुठे पोहायचात, पाणी कुठून आणायचात, चिंचा कुठल्या झाडाच्या पाडायचात, एवढंच विचारा. मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा, उजेडात दोन्हींच्या रेघा दिसतील. त्यांच्या कागदावर आहे आणि तुमच्या कागदावर नाही, अशा प्रत्येक जागेभोवती लाल गोल काढा. आणि या रविवारी त्यांतल्या एका गोलापर्यंत, त्यांचा हात धरून, चालत जाऊन या.